हातभर अंतर

आमच्या शाळेची सहल २००९ साली घारापुरीला गेली होती. कर्जतहून पहाटेची गाडी धरून आम्ही बोरीबंदरला उतरलो. त्या स्थानकाचे नाव केव्हाच बदलले, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून बोरीबंदरच आहे. तेथून गेट वे आणि पुढे लाँच. आमची पोरे डोंगराच्या कुशीत वाढलेली. उल्हास आणि पाताळगंगा ह्यांच्या पलीकडचे पाणी त्यांनी पाहिलेले नव्हते. समुद्र पाहून ती आधी गप्प झाली आणि मग एकदम बोलू लागली.

लाँच बरीच आत गेल्यावर डाव्या हाताला एक हिरवा डोंगर दिसू लागला. त्याच्या पायथ्याशी, पाण्याला लागून, एक मोठा घुमट होता. सहावीतल्या एका मुलाने विचारले,

"बाई, ते कोणाचं देऊळ हो?"

मी चित्रकलेची बाई. घुमट कसा काढावा हे मला ठाऊक, त्याच्या आत काय असते हे ठाऊक नव्हते. पण बाईंना सगळे ठाऊक असते ह्या समजावरच आमचे पोट चालते. मी म्हटले, "देऊळ नव्हे रे. तिथे अणू फोडतात. बाँब करतात." मुले चिडीचूप झाली. एकाने तर हळूच नाकाला रुमाल लावला. त्याच्याकडे पाहून मी हसले. पण खरे सांगायचे तर, वारा त्या बाजूने येत होता म्हणून मीही पदर सावरून घेतला.

माझे शिक्षण दहावीपर्यंत. आमच्या घरात त्याला अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकला-शिक्षिकेची परीक्षा दिली आणि शाळेत चिकटले. रिकाम्या वेळी दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत सासुरवाशिणी आहेत, पाऊस आहे, घाट आहे. अणू कोठेही नाही. तो माझ्या कादंबरीत शिरला नाही, पण पुढे माझ्या गळ्यात मात्र शिरला. त्याचीच ही हकिगत आहे. दिवाळीच्या अंकात दुखण्याची कथा कशाला, असे कोणाला वाटेल. पण ह्या कथेचा शेवट फराळाच्या ताटाशीच होतो, तेव्हा वाचकांनी निर्धास्त असावे.

तो घुमट 'सायरस' नावाच्या अणुभट्टीचा होता, हे मला पुष्कळ पुढे कळले. मग जे हाती लागेल ते मी वाचीत गेले, आणि वाचता वाचता मौज अशी वाटली की, ह्या गोष्टीचा धागा तर आमच्याच भागातून जातो! खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर चाके फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. आमच्या गावांतून कंदील तेवत असताना आमच्या डोक्यावरून तारा उजेड घेऊन मुंबईला जात होत्या. त्याच टाटा घराण्याच्या विश्वस्तनिधीला होमी भाभा ह्यांनी १९४४ साली एक पत्र लिहिले. आपल्या देशात मूलभूत संशोधनाची एक संस्था हवी, असे त्यात मागणे होते. पुढल्याच वर्षी ती संस्था निघाली. स्वातंत्र्य आल्यावर भाभांनी मुंबईच्या पूर्व कडेला तुर्भ्याची जागा निवडली. इंग्रज तिला ट्रॉम्बे म्हणत. १९५४ साली तेथे काम सुरू झाले.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथली पहिली अणुभट्टी चालू झाली. ती पाण्याच्या एका खोल हौदात आहे. तिच्यातून निघणारे कण पाण्यात प्रकाशापेक्षाही अधिक वेगाने धावतात आणि त्यामुळे पाण्याला निळी आभा चढते. ती आभा पाहून पंडित नेहरूंनी तिला 'अप्सरा' हे नाव दिले, आणि १९५७ च्या जानेवारीत साऱ्या केंद्राचे उद्‌घाटन केले. पुढे कॅनडाच्या साहाय्याने १९६० साली सायरस आली. १९६६ च्या जानेवारीत भाभांचे विमान आल्प्स पर्वतात माँ ब्लांवर आदळले आणि ते गेले. दुसऱ्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव मिळाले. १९८५ साली शंभर मेगावॉटची 'ध्रुव' ही भट्टी तेथे उभी राहिली. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची थांबली. अप्सरा २००९ साली बंद झाली आणि २०१८ साली नव्या रूपात पुन्हा चालू झाली.

आणि हेही सांगितले पाहिजे की, मी मुलांना दिलेले उत्तर अगदीच खोटे नव्हते. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला जो स्फोट झाला, त्यातले प्लुटोनियम त्या घुमटाखालच्या सायरसमध्येच तयार झालेले होते. माझी चूक एवढीच की, अर्धे उत्तर देऊन मी थांबले. उरलेले अर्धे माझ्यासाठी राखून ठेवले होते.

२०२२ च्या उन्हाळ्यात केस विंचरताना गळ्याच्या खालच्या अंगाला एक गाठ हाताला लागली. पनवेलला सुई घालून तपासणी झाली. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तिथे कर्करोग निघाला. "सगळ्या कर्करोगांत हा त्यातल्या त्यात गरीब," असे डॉक्टर म्हणाले. पण शब्द तो शब्दच! घरी येताना मी आणि 'हे', आम्ही दोघेही एकमेकांशी गाडीच्या गर्दीविषयीच बोलत राहिलो. आमची लेक तेव्हा आठ वर्षांची होती.

पावसाळ्यात शस्त्रक्रिया होऊन ग्रंथी काढली. मग सांगण्यात आले की, सुरीला न दिसलेल्या पेशी मागे राहिल्या असतील, तर त्यांच्यासाठी किरणांचे आयोडीन घ्यावे लागेल. परळला, टाटा रुग्णालयाच्या शेजारी, रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ साली निघालेले हे केंद्र ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राचेच अंग आहे. घारापुरीच्या वाटेवर ज्याच्यापासून पदर सावरला होता, त्याच्याच दारात मी पदर पसरून उभी राहिले.

आधी दोन आठवडे पथ्य होते. आयोडीनचे मीठ नको, मासळी नको, अंडी नकोत. सुकटीवाचून आमच्या घरात पावसाळा सरत नाही. त्या दिवसांत सासूबाईंनी सुकटीचा डबा माळ्यावर टाकला आणि स्वतःही खाल्ली नाही. "एकटीच्या नाकाला वास कशाला?" एवढेच त्या म्हणाल्या. पथ्याचे कारण असे की, थायरॉईडच्या पेशी आयोडीनच्या भुकेल्या असतात. त्यांना उपाशी ठेवायचे आणि मग किरणांचे आयोडीन पुढे करायचे, म्हणजे त्या ते अधाशासारखे ओढून घेतात. उरलेल्या शरीराला त्याची फारशी ओढ नसते. शत्रू आपण होऊन औषध गिळतो. १९४१ साली अमेरिकेत बोस्टन शहरी थायरॉईडच्या रोग्याला हे आयोडीन प्रथम दिले गेले. कोणाच्या डोक्यात ही युक्ती आली असेल, त्याला माझा नमस्कार आहे.

गुरुवारी, १३ ऑक्टोबरला, मला जाड भिंतींच्या एका खोलीत नेले. शिशाच्या जड भांड्यातून एक लहानशी बाटली निघाली. तिच्यातले दोन घोट नळीने ओढून घ्यायचे होते. चव काहीच नव्हती. इतकी दहशत घेऊन आलेली वस्तू इतकी बेचव असावी ह्याचे मला नवल वाटले. औषध देणारा तरुण दोन पावले मागे सरकून उभा राहिला. त्याचे ते मागे सरणे मला लागले. माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे, कारण त्याने कागद घेतला आणि दारातूनच मला समजावून सांगितले.

टेल्युरियम नावाचा एक पदार्थ ट्रॉम्बेच्या भट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनांचा मारा होऊन त्यातून आयोडीन-१३१ तयार होते. दर आठ दिवसांनी त्याचे बळ आपोआप निम्मे होते. आज सोळा आणे असेल तर आठ दिवसांनी आठ आणे, सोळा दिवसांनी चार आणे. शरीर तर बरेचसे त्याआधीच बाहेर टाकते; म्हणून पाणी भरपूर प्यायचे, लिंबू चघळायचे. "आणि बाई," तो म्हणाला, "मी मागे सरलो ते तुमच्याकडे रोज नवा रोगी येतो म्हणून. तुमची एकदाची गोष्ट, माझी रोजची. आम्हाला तीनच गोष्टी शिकवलेल्या असतात. वेळ, अंतर आणि आडोसा. जवळ थोडा वेळ थांबायचं, शक्य तितकं लांब उभं राहायचं आणि मध्ये काहीतरी जाड ठेवायचं."

चार रात्री मी त्या खोलीत काढल्या. ताट दाराशी ठेवून माणसे जात. रोज एकजण ठरलेल्या खुणेवर उभा राहून हातातल्या यंत्राने माझे मोजमाप करी. रोज आकडा उतरत होता. आयुष्यात प्रथमच मला माझे गुण कमी होत असल्याचा आनंद झाला.

सोमवारी, १७ तारखेला, सोडले. गर्दीची गाडी नको म्हणून भाड्याची मोटार केली. मी मागच्या कोपऱ्यात आणि हे पुढे ड्रायव्हरशेजारी. हातात सूचनांचा कागद होता. वेगळे निजावे, कपडे वेगळे धुवावेत, गरोदर बायका आणि लहान मुले ह्यांच्याजवळ बसू नये. डॉक्टरांनी कॅलेंडर पाहून सांगितले होते, "पाडव्याला मुलीला खुशाल पोटाशी धरा. त्याच्या आधी नको."

पाडवा २६ ला होता. अजून नऊ दिवस.

ओटीवरच्या खोलीत माझे बिऱ्हाड लागले. गावात बातमी आधीच पोहोचली होती. आळीतल्या एका घरून दरवर्षी येणारी फराळाची वाटी त्या वर्षी आली नाही. मला राग आला नाही. नाकाला रुमाल लावलेला तो मुलगा मला आठवत होता. आपण जे पेरले तेच उगवते. हेसुद्धा पहिल्या संध्याकाळी माझे ताट उचलायला आले आणि उंबऱ्यात घुटमळले. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "त्यो कागद वाच गो."

त्यांना अक्षरओळख नाही. मी सारा कागद वाचला. त्या तरुणाच्या तीन गोष्टीही सांगितल्या. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजी निखाराच की! चुलीतला निखारा आपण चिमट्यानं धरतो. भाकरी परतायला हात घालतो तो पापणी लवंस्तवर. आन् घरात रांगतं पोर असलं तर चुलीफुडं फळी उभी करतो. यात नवं काय सांगितलं त्यांनी?"

मी अवाक् झाले. वेळ, अंतर, आडोसा! साठ वर्षे चुलीशी बसलेल्या बाईने ते तिन्ही धडे एका दमात म्हणून दाखवले. त्या माझे ताट घेऊन गेल्या, राखेने घासले, हात धुतले आणि उंबऱ्यापासून चार हातांवर पाट टाकून बसल्या. घटकाभर बोलल्या आणि उठून गेल्या. रोज तसेच. मी मात्र इतके दिवस ह्या गोष्टीला एक तर देऊळ समजत होते, नाही तर स्मशान. चूल म्हणून तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते.

लेकीचे समाधान करणे कठीण होते. मी तिला खोलीतून सांगितले आणि तिने अंगणाच्या कडेला रांगोळीचे चौसष्ट ठिपके काढले. औषध घेतले त्या दिवशीचे हे चौसष्ट. २१ तारखेला वसुबारस होती. बरोबर आठवा दिवस. तिने मोजून बत्तीस ठिपके पुसले. मग दारासमोर गेरूने ओढलेल्या रेघेशी येऊन विचारले,

"आई, अर्ध्याचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर शून्य कधी गं होणार?"

मला उत्तर येईना. ह्या खेपेस मात्र मी खोटे सांगितले नाही. "मला ठाऊक नाही. विचारून सांगते," असे म्हटले.

नरकचतुर्दशीला पहाटे मी जागीच होते. दरवर्षी तिला तेल मी लावते. त्या दिवशी न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज येत होता. तेल डोळ्यांत गेले म्हणून ती कुरकुरत होती. मी भिंतीला कान लावून बसले होते. सारे दुखणे मी कोरड्या डोळ्यांनी काढले, पण त्या कुरकुरीने माझा बांध फुटला. अंतर म्हणजे काय ते मला त्या पहाटे समजले.

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, सूर्यग्रहण होते. सूर्य ग्रासलेलाच डोंगराआड गेला. आळीत दारे-खिडक्या लावलेल्या होत्या. सासूबाईंनी रीतीप्रमाणे पाण्यावर तुळशीपत्र ठेवले आणि मला म्हणाल्या, "याला तरी यंत्र लावून मोजत्यात का कोन?" मी हसले, त्याही हसल्या.

पाडव्याला सकाळी हे रेघ पुसायला ओले फडके घेऊन आले. फडके टेकायच्या आत लेक रेघेवरून धावत आत आली आणि माझ्या पोटात तिने डोके खुपसले. त्या वर्षी भाऊबीजही त्याच दिवशी होती. कोणी कोणाला ओवाळायचे याचा गोंधळ झाला, निरांजन दोनदा विझले आणि चकल्या नरम पडल्या होत्या. इतकी गोड दिवाळी माझ्या आयुष्यात झालेली नाही.

शून्याचे उत्तर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दिले. कागदावर अर्धे करीत गेले तर शून्य कधीच येत नाही. पण अणू हे दाण्यांसारखे मोजके असतात, अर्धा अणू उरत नाही. माझ्या मात्रेइतके औषध पन्नासबावन्न वेळा निम्मे झाले की शेवटचा दाणाही संपतो, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात. लेकीने वहीत तारीख लिहून ठेवली आणि त्या दिवशी अंगणात एकही ठिपका न काढता मला दाखवायला नेले. पुढच्या तपासण्या चांगल्या निघाल्या. आता रोज सकाळी एक गोळी, एवढेच उरले आहे.

त्यानंतर ट्रॉम्बेचे नाव कोठेही आले की मी कान टवकारते. लासलगावला २००२ पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देण्याचे केंद्र आहे. आमच्या कर्जत तालुक्यातल्या माथेरानला खरकट्या-कचऱ्यापासून गॅस करण्याचा जो प्रकल्प झाला, ती 'निसर्गऋण' पद्धतही भाभा केंद्राचीच. भुईमूग, मूग, उडीद, तूर धरून पिकांची साठांहून अधिक वाणे त्यांनी काढलेली आहेत.

आणि मग एके दिवशी माझे दीर कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून बातमी घेऊन आले. हे केंद्र १९१९ सालचे. आमच्याकडचा शेतकरी त्याला घरचेच समजतो. दीर म्हणाले, कोलमाचे एक नवे वाण आले आहे. कोकण कृषी विद्यापीठ आणि भाभा केंद्र ह्यांनी मिळून ते काढले असून त्याचे नाव 'ट्रॉम्बे कर्जत कोलम' असे आहे. दोन्ही गावे एका नावात! मला उगाचच माहेर-सासर एका पत्रिकेत वाचल्यासारखे वाटले.

सासूबाईंनी सुपातले तांदूळ थांबवले. "म्हंजी किरणातला? आन् त्यो पोटात जायाचा?"

आता शिकवण्याची पाळी माझी होती. मी सांगितले, "माझ्यात औषध राहिलं होतं, म्हणून अंतर पाळलं. बियाण्याचं तसं नाही. ट्रॉम्बेवाले बी किरणांसमोर धरतात. किरण आरपार जातो, आत काही राहत नाही. उन्हात वाळवलेल्या भातात ऊन राहतं का? पण त्या झटक्यानं बियाण्याचा स्वभाव कुठंतरी बदलतो. मग हजारो रोपं लावायची. बहुतेक वाया जातात. एखादं बुटकं निघतं, एखादं लवकर पिकतं, एखाद्याला दाणे जास्त. ते निवडायचं आणि वर्षानुवर्षं लावून पारखायचं. त्यातलंच चांगलं निघालं की दुसऱ्या वाणाशी जुळवायचं."

"निवडायचंच काम म्हना की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अर्ध्या खाचरात लावा. अर्ध्यात आपला जुना. पयलं डोळ्यानं बघू."

गेल्या पावसाळ्यात तसेच केले. लावणीला सासूबाई बांधावर बसून होत्या. नव्या आवणाची पहिली मूठ त्यांनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता लेकीच्या हातात दिली. दिवाळीच्या तोंडावर कापणी झाली. झोडणी झाल्यावर नव्या तांदळाचा पहिला भात देवापुढे ठेवला आणि मग पाने मांडली. सासूबाईंनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या. "पन मीठ कमी पडलं. आयोडीनचं पथ्य संपलं ना गो तुजं?"

आणि त्यांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.